सत्तर किलोच्या माणसात ५०० लिटर कुठून आले?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, कॉलेज तालुक्याच्या गावी. फार्माकोकायनेटिक्सच्या (औषध शरीरात कसं पसरतं आणि बाहेर जातं याचा हिशोब) पहिल्या सेशनलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, ती नापास झाली. डिस्ट्रिब्युशनचं युनिट व्याख्यांसकट पाठ होतं, पण न्यूमेरिकल सोडवताना व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन (थोडक्यात व्हीडी, औषध किती लिटरमध्ये पसरलंय असं हिशोबाने दिसतं तो आकडा) ५०० लिटर आला, सत्तर किलोच्या माणसात एवढं मावणार कसं म्हणून तिनं ते खोडून ५ लिटर लिहिलं. त्याच आठवड्यात घरी आजीच्या डिगॉक्सिनचा (हृदयाचं औषध) रक्तातला रिपोर्ट २.८, म्हणजे जास्त आला, काका म्हणाले गोळी आजपासून बंद, सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं की तू फार्मसी शिकतेस ना, सांग काय ते, आणि हिला एक वाक्य बोलता आलं नाही. डॉक्टरांनी फक्त गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं एवढं विचारलं (गोळी सकाळी ८ ला, रक्त साडेनऊला), दुसऱ्या दिवशी गोळीच्या आधी परत रक्त काढायला लावलं, रिपोर्ट आला ०.८, गोळी होती तशीच चालू. तिचा प्रश्न: माझं गणित कच्चं आहे, समजून घ्यायला वेळ नाही, तर पाठ करून पास होऊ, शहरातला महागडा क्लास लावू, की हे सोडून एमपीएससीचा अभ्यास सुरू करू?

—

सगळ्यात आधी ते खोडलेलं उत्तर. ५०० बरोबर होतं गं. आणि तू ते का खोडलंस हे वाचून मला वाईट कमी आणि बरं जास्त वाटलं, कारण उत्तर आल्यावर "हे शक्य आहे का" असा विचार करणारी मुलं फार कमी असतात, बाकीचे कॅल्क्युलेटरवर जे येईल ते उतरवतात आणि पुढे जातात. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बसलं की हे रोज दिसतं, मलेरियावरच्या क्लोरोक्विनचा व्हीडी किती विचारलं की तेरा हजार लिटर असं धाडकन उत्तर येतं, आणि तेरा हजार लिटर म्हणजे काय, एक टँकर भरून पाणी, ते माणसात कुठे असतं असं विचारलं की खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. त्यात इंग्लिश मीडियमवालेही असतात बरं का. त्यामुळे मराठी माध्यमाचं जे तू दोन ठिकाणी लिहिलंयस ते इथे सोडून दे.

गणिताचंही सोड. ५०० मिलिग्रॅम औषध शिरेतून दिलं, सुरुवातीची पातळी लिटरला २० मिलिग्रॅम आली, तर व्हीडी किती? ५०० भागिले २०, पंचवीस लिटर. हा भागाकार आहे, पाचवीतला. लॉग वगैरे लागतात ते रेषेचा उतार काढायला आणि रेषा मागे ओढून शून्य वेळेची पातळी शोधायला, ते सेमिलॉग ग्राफपेपरवर पट्टीनेही होतं. तू अडलीस ती भागाकाराच्या पुढे, आलेला आकडा कशाचा आहे या ठिकाणी. आणि आजीच्या रिपोर्टला तू अडलीस तेही अगदी त्याच ठिकाणी, म्हणून मला हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतच नाहीत.

तुझ्या (आणि बहुतेक सगळ्यांच्या) डोक्यात न बोलता एक गोष्ट बसलेली असते, की औषध म्हणजे रक्तातलं औषध. गोळी पोटात गेली, रक्तात आली, रक्तात फिरली, किडनीतून गेली. त्यामुळे रक्तात जास्त दिसलं म्हणजे शरीरात जास्त झालं, आणि कमी दिसलं म्हणजे संपलं. हे काही औषधांच्या बाबतीत जवळपास चालून जातं आणि बऱ्याच औषधांच्या बाबतीत साफ चुकतं.

घरात करून बघता येईल असं सांगतो. बादलीभर पाण्यात नीळ टाक, ढवळ, पाण्याचा रंग बघ. नीळ किती टाकली माहितीये, रंग किती गडद झाला दिसतंय, त्यावरून बादलीत साधारण किती पाणी असेल ते सांगता येईल. आता त्याच बादलीत पांढरे सुती कपडे बुडव आणि जरा वेळाने परत पाण्याचा रंग बघ, फिकट झालेला असेल, कारण नीळ कपड्यांनी धरून ठेवली. आता एखाद्याला कपडे दाखवलेच नाहीत, फक्त वाटीभर पाणी दाखवलं आणि नीळ किती टाकली ते सांगितलं, तर तो म्हणेल एवढी नीळ टाकून रंग एवढाच, म्हणजे हे पाणी नक्की टाकीभर असणार. टाकी कुठेच नाहीये. व्हीडी म्हणजे त्या माणसाने हिशोबाने काढलेली टाकी. आपण फक्त प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग) बघतो, स्नायूत, चरबीत, हाडात काय चिकटून बसलंय ते सुई टोचून दिसत नाही, म्हणून जो आकडा येतो तो जागेचा नसून "रक्ताच्या बाहेर किती ओढ आहे" याचा असतो.

आता मोजपट्टी. सत्तर किलोच्या धडधाकट पुरुषात पाणी साधारण ४२ लिटर. त्यातलं २८ पेशींच्या आत, १४ पेशींच्या बाहेर, आणि त्या १४ मधलं प्लाझ्मा म्हणजे जेमतेम ३ लिटर. हे ३, १४ आणि ४२ तीन आकडे डोक्यात पक्के बसव, बाकी काही पाठ नाही केलंस तरी चालेल असं मी म्हणतोय. कुठल्याही औषधाचा व्हीडी समोर आला की या तिघांच्या शेजारी ठेवून बघायचा. हेपॅरिन ५ लिटरच्या आसपास, मोठा आणि विद्युतभार असलेला रेणू, रक्तातच राहतो. वॉर्फरिन ८ ते १०, कारण ९९ टक्के अल्ब्युमिनला (रक्तातल्या प्रथिनाला) चिकटलेलं. जेंटामायसिन किलोला पाव लिटर, म्हणजे १७ च्या आसपास, पाण्यात विरघळणारं, पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरत नाही, म्हणून पेशींबाहेरच्या पाण्यात फिरतं (आणि म्हणूनच खूप लठ्ठ पेशंटला पूर्ण वजनावर जेंटामायसिन मोजत नाहीत, चरबीत ते फारसं जातच नाही). दारू ४२ च्या जवळ. आणि मग एकदम डिगॉक्सिन ५०० आणि क्लोरोक्विन हजारोंत. ४२ च्या वर आकडा गेला की समजायचं, पाणी संपलं, आता कपडे सुरू झाले.

दारूचं उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण हा हिशोब जिथे सुरू झाला तिथेच दारू होती. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये पुस्तक काढून अल्कोहोलचा हा हिशोब मांडला, वजनाला पुरुषासाठी साधारण ०.६८ आणि बाईसाठी ०.५५ ने गुणायचं, की अल्कोहोल जेवढ्या पाण्यात पसरतं तो आकडा मिळतो. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के. ६० मिलीचा एक लार्ज पेग म्हणजे सुमारे २५.७ मिली शुद्ध अल्कोहोल, घनता ०.७९, म्हणजे २० ग्रॅम. सत्तर किलोचा माणूस, ७० गुणिले ०.६८ म्हणजे ४७.६ लिटर. २० ला त्याने भाग, लिटरला ०.४२ ग्रॅम, म्हणजे १०० मिली रक्तात ४२ मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३०. रिकाम्या पोटी घेतलेला एक लार्ज आणि हिशोबात माणूस मर्यादेच्या वर! तोच पेग ५५ किलोच्या बाईला, ५५ गुणिले ०.५५ म्हणजे ३० लिटर, पातळी ६६. तिची "सवय नाही" वगैरे गोष्ट वेगळी, आधी तिच्या अंगात पाण्याचा वाटाच कमी आहे. (हा हिशोब किती प्यायलं तर चालेल हे शोधायला वापरायचा नाही, प्यायल्यावर गाडी चालवायचीच नाही, वर्गातल्या पोरांना हे सांग म्हणून कंसात लिहिलं.) बघ, हे तू आत्ता वाचताना समजलं की नाही? मग तू एक अख्खं न्यूमेरिकल सोडवलंस.

आता आजी. डिगॉक्सिन हृदयाच्या आणि हातापायाच्या स्नायूंमधल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला जाऊन चिकटतं, चरबीत फारसं जात नाही. पुस्तकातला ५०० लिटरचा माणूस घे, आजी बारीक असतील तर त्यांचा आकडा कमी असेल, आणि किडनी कमजोर असेल तर अजून कमी, पण समजायला ५०० बरा. रक्तातली पातळी मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजेच मायक्रोग्रॅम प्रति लिटर, हे युनिटचं रूपांतर एकदा हाताने लिहून काढ, अर्धी न्यूमेरिकल्स इथे बुडतात. तर अंगात एकूण डिगॉक्सिन किती? १ गुणिले ५००, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२५ मिलिग्रॅमच्या फक्त दोन गोळ्यांएवढं. आणि त्यातलं प्लाझ्मात किती? तीन लिटर प्लाझ्मा, लिटरला एक, म्हणजे ३ मायक्रोग्रॅम. पाचशेतले तीन. बाकीचे ४९७ बाहेर.

हा आकडा जरा वेळ समोर ठेवून बस. लॅब जे मोजते ते पाचशेतल्या तिनाचं मोजमाप आहे. आता सकाळी ८ ला गोळी घेतली, तासा-दीड तासात ती रक्तात आली, पण स्नायूंपर्यंत जाऊन पंपांना चिकटायला तिला ६ ते ८ तास लागतात. साडेनऊला रक्त काढलं म्हणजे जे औषध अजून बाहेर जायचंय ते सगळं त्या तीन लिटरमध्ये गर्दी करून उभं असताना सुई टोचली. २.८ येणारच. त्या वेळी हृदयाच्या स्नायूत मात्र तेवढं पोचलेलं नव्हतं, म्हणून आजींना मळमळ नाही, नाडी मंदावलेली नाही, रिपोर्ट मात्र घाबरवणारा. म्हणून डॉक्टरांनी औषधांची नावं, पथ्य काही न विचारता फक्त गोळीची आणि रक्त काढल्याची वेळ विचारली. डिगॉक्सिनचं सॅम्पल गोळीनंतर किमान ६ तासांनी, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे पुढच्या गोळीच्या आधी घ्यायचं, हे तुझ्या पुस्तकात टू कंपार्टमेंट मॉडेलच्या (शरीराचे रक्त आणि बाकीचं असे दोन कप्पे धरणाऱ्या हिशोबाच्या) धड्यात आहे. तिथे जो आधी पटकन उतरणारा आणि मग सावकाश उतरणारा ग्राफ काढलाय ना, अल्फा फेज आणि बीटा फेज, तो ग्राफ म्हणजे तुझी आजी आहे. अल्फामध्ये रक्त काढलं तर २.८, बीटामध्ये काढलं तर ०.८.

आणि हाच ग्राफ समजला की डिगॉक्सिनवरच्या पेशंटला डायलिसिस लावून औषध का निघत नाही हेही आपोआप कळतं, मशीन रक्त धुतं आणि रक्तात आहेत तीन मायक्रोग्रॅम, धुणार काय! उलट विषारी दारूतलं मिथेनॉल पाण्यातच पसरलेलं असतं, तिथे डायलिसिस जीव वाचवतं. शनिवार-रविवार गोळी बंद ठेवायची जी पद्धत आपल्याकडे आहे (आजींना बहुतेक तसंच सांगितलं असेल), तीही यातलीच, औषधाचं अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) दीड दिवसाच्या वर, किडनी थकलेली असली की अजून जास्त, त्यामुळे दोन दिवसांत ते शून्यावर येत नाही. अर्थात माझं स्वतःचं मत विचारशील तर आठवड्यातून दोन दिवस उडी मारण्यापेक्षा रोज लहान डोस जास्त सरळ आहे आणि बरेच डॉक्टर आता तसंच देतात, पण ते त्यांनी ठरवायचं, काकांनी नाही.

दुसरी एक समजूत तुझ्या पत्रात मला दिसली. तू लिहिलंयस, "औषध जिथे लागतं तिथे जातं हे माहितीये, पण ते मोजायचं कसं". नाही गं, औषधाला काही माहिती नसतं. डोकेदुखीची गोळी डोक्यात जाते आणि गुडघ्याची गुडघ्यात असं होत नाही, ती सगळीकडे जाते, रक्त जिथे जास्त वाहतं तिथे आधी जाते, आणि जिथे चिकटायला जागा मिळते तिथे जास्त वेळ राहते. आधी कुठे जाते आणि जास्त वेळ कुठे राहते या फरकावर भूलशास्त्राचा अर्धा डोलारा उभा आहे. थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल ही भुलीची औषधं शिरेतून दिली की पेशंट अर्ध्या मिनिटाच्या आसपास झोपतो, कारण मेंदू वजनाला शरीराच्या दोन टक्के पण हृदयातून निघालेल्या रक्तातला साधारण पंधरा टक्के वाटा त्याला जातो, आणि औषध चरबीत विरघळणारं असल्यामुळे मेंदूत घुसायला त्याला काही अडथळा नाही. थायोपेंटोनच्या एका डोसनंतर पाच-दहा मिनिटांत पेशंट जागा होतो. औषध संपलं का? अजिबात नाही, जवळजवळ सगळं अंगातच आहे, त्याचं अर्धायुष्य कित्येक तासांचं आहे. ते मेंदूतून निघून स्नायूंत गेलं आणि मग हळूहळू चरबीत, जिथे रक्त कमी वाहतं म्हणून पोचायला वेळ लागतो. परत परत डोस देत राहिलं की स्नायू भरतात, चरबी भरते, मग औषधाला जायला जागा नाही आणि पेशंट तासन्तास उठत नाही. परीक्षेत याला रिडिस्ट्रिब्युशन म्हणतात आणि दोन मार्काला विचारतात, माझ्या मते दहाला विचारायला हवं.

मेंदूच्या दाराशी अजून एक गंमत आहे. सर्दीच्या गोळीत सीपीएम (क्लोरफेनिरामिन) असतं, ते घेऊन झोप येते, फेक्सोफेनाडिनने तशी येत नाही, दोघंही हिस्टामिनच रोखतात, पण एक मेंदूत शिरतं आणि दुसऱ्याला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप दारातूनच बाहेर ढकलतो. जुलाबावरचं लोपेरामाइड तर अफूच्या जातकुळीतलं औषध आहे, नेहमीच्या डोसला नशा येत नाही ती याच पंपाच्या कृपेने. असली उदाहरणं मेडिकलच्या काउंटरवर रोज हातात येतात, आणि उद्या तू काउंटरच्या मागे उभी राहिलीस की "याने झोप येईल का" हा प्रश्न तुला दिवसभर विचारला जाणार आहे.

प्रोटीन बाइंडिंगचं, म्हणजे औषध रक्तातल्या प्रथिनाला चिकटण्याचं, एकच उदाहरण कर, पण नीट कर. फिटच्या आजारातलं फेनिटॉइन सुमारे ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, काम करतं ते उरलेलं मोकळं. लॅब मोजते दोन्ही मिळून. पेशंटचं अल्ब्युमिन २ वर उतरलंय, फेनिटॉइनची पातळी आली ८, हवी १० ते २० मध्ये. कमी आहे, डोस वाढवा? थांब. नेहमीच्या सूत्राने मोजलेल्या पातळीला ०.२ गुणिले अल्ब्युमिन अधिक ०.१ ने भागायचं. ०.२ गुणिले २ म्हणजे ०.४, अधिक ०.१ म्हणजे ०.५. आठ भागिले अर्धा, सोळा. पेशंट अगदी हवा तिथे आहे, फक्त चिकटायला अल्ब्युमिन नाही म्हणून बेरीज कमी दिसतेय. इथे कुणी डोस वाढवला तर तोल जाणं, डोळे लकलकणं सुरू होईल. शक्य असेल तिथे मोकळं फेनिटॉइन थेट मोजणं जास्त चांगलं, पण परीक्षेला हे सूत्र पुरतं. आणि हो, एका औषधाने दुसऱ्याला अल्ब्युमिनवरून ढकलून दिलं की मोठा धोका होतो असं गाइडमध्ये पानभर असतं ना, ते लिही मार्कांसाठी, पण बहुतेक औषधांच्या बाबतीत मोकळं झालेलं औषध बाहेरही लवकर जातं आणि थोड्या दिवसांत गाडी रुळावर येते. खरा धोका नवजात बाळाला सल्फा देण्यात, तिथे अल्ब्युमिनवरून बिलिरुबिन सुटतं आणि मेंदूत जातं.

आता तुझे तीन पर्याय. पाठ करून पास होणं जमेल का, तर जमेल, तुझ्या आधीच्या बॅचेस तशाच पास झाल्यात, खोटं कशाला बोलू. पण तू पत्रात "समजून घ्यायला वेळ नाही" लिहिलंयस त्याबद्दल मला शंका आहे, कारण ते युनिट तू पाठ केलंस तेव्हा वेळ लागलाच की, आणि त्या वेळातून हाताला काय लागलं तर बरोबर आलेलं उत्तर खोडू नये एवढाही भरवसा नाही. तोच वेळ दुसरीकडे घालायचाय, जास्तीचा नाही. क्लासचं म्हणशील तर आधी एक लेक्चर फुकट बसू देतात का विचार आणि सरांना एकच प्रश्न विचार, डिगॉक्सिनचं सॅम्पल सहा तासांनी का. ग्राफ काढून सांगितलं तर विचार कर, "ते फॅक्ट आहे, लिहून घे" म्हणाले तर पैसे ठेव घरात. खरं तर तुझ्याच कॉलेजच्या सरांना हा प्रश्न लॅबच्या वेळात जाऊन विचार, वर्गात साठ जणांपुढे विचारायला लाज वाटते हे समजू शकतो पण एकट्याने विचारलं की बहुतेक शिक्षक खूष होतात. आणि एमपीएससी, त्यात वाईट काहीच नाही, पण एका सेशनलवर चिडून कुणी तिकडे जाऊ नये, तिकडे तर पूर्वपरीक्षेलाच कितीतरी वेळा चिडायला मिळतं. डिग्री पूर्ण कर, मग ज्याला खरंच जायचं असेल त्याने जावं.

अभ्यास कसा करायचा ते असं. घरातला औषधांचा डबा काढ, आजींचा, काकांचा, सगळ्यांचा. पाच-सहा औषधं निवड आणि प्रत्येकाचं एक पान कर. वर व्हीडी लिही, शेजारी ३-१४-४२, आणि खाली मराठीत, हो मराठीतच, लिही की हे पाण्यातलं आहे की चरबीतलं, अल्ब्युमिनला किती चिकटतं, कुठे जाऊन बसतं, मेंदूत जातं का, गरोदर बाईत बाळापर्यंत जातं का. डायझेपाम (झोपेसाठी, अस्वस्थतेसाठी देतात ते) असेल तर ते नक्की घे, कारण म्हाताऱ्या माणसात पाणी कमी होतं आणि चरबीचा वाटा वाढतो, मग चरबीत जाणाऱ्या डायझेपामचा व्हीडी वाढतो आणि ते अंगात किती तरी जास्त वेळ रेंगाळतं, विशीतल्या माणसात साधारण वीस तास असलेलं अर्धायुष्य ऐंशीच्या घरात नव्वद तासांपर्यंत जातं, आजोबा दुसऱ्या दिवशीही पेंगतात ते यामुळे. मलेरियाचं क्लोरोक्विन असेल तर पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २ गोळ्या असं का देतात ते लिही, आधी सगळे कपडे भिजवायला लागतात तेव्हा कुठे पाण्याला रंग चढतो, यालाच लोडिंग डोस म्हणतात आणि त्याचं सूत्र फक्त व्हीडी गुणिले हवी ती पातळी, तोंडाने देत असशील तर भागिले बायोअव्हेलेबिलिटी (दिलेल्या डोसातला रक्तापर्यंत पोचणारा वाटा). न्यूमेरिकल सोडवायच्या आधी पेन्सिलीने अंदाज लिही, "चरबीतलं आहे, ४२ च्या वर येईल", मग सोडव. अंदाज चुकला तर का चुकला ते शोध, खोडाखोड मात्र नको.

ज्यांच्या घरी अशा तपासण्या होतात त्यांच्यासाठीही चार ओळी लिहितो, कारण तुझ्यासारखी पत्रं येत असतात. डिगॉक्सिन, फेनिटॉइन, लिथियम यांची पातळी तपासायला जाताना शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लॅबच्या फॉर्मवर लिहून द्या, लिहायला जागा नसेल तर रिपोर्टवर पेनाने लिहा. लिथियमचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढतात, म्हणजे रात्री गोळी घेतली असेल तर सकाळी गोळीच्या आधी. रिपोर्ट जास्त आला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आणि कमी आला म्हणून एक जास्त घेऊ नका. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि अल्ब्युमिनचे जुने रिपोर्ट बरोबर न्या. हृदयाचे डॉक्टर आणि बाकीचे डॉक्टर वेगळे असतील तर नवीन सुरू झालेलं औषध, विशेषतः एमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध), दोघांनाही दाखवा, त्याने डिगॉक्सिनची पातळी चढते आणि डोस कमी करावा लागतो. मात्र डिगॉक्सिनवरच्या माणसाला जेवण नकोसं झालं, सारखी मळमळ, नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी, किंवा सगळं पिवळट दिसायला लागलं तर आकड्याची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या, त्या वेळी पेशंट रिपोर्टपेक्षा महत्त्वाचा.

काकांना तू आता सांगू शकशील असं मला वाटतं. त्यांना अल्फा-बीटा नको, एवढंच सांग की गोळी रक्तातून हृदयाच्या स्नायूत पोचायला सहा तास घेते आणि आपण दीड तासातच बघायला गेलो. त्यांना कळलं तर समज तुला कळलंय, ते अजून वाद घालायला लागले तर ज्या ठिकाणी तुझं बोलणं अडखळलं ते पुस्तकात परत वाच.

आणि दुसऱ्या सेशनलला तीन आठवडे आहेत म्हणतेस, भरपूर आहेत. पहिल्या आठवड्यात फक्त डिस्ट्रिब्युशन, औषधांची पानं आणि एका आयव्ही बोलसच्या (शिरेतून एकदम दिलेल्या डोसच्या) डेटाचा सेमिलॉग पेपरवर हाताने काढलेला ग्राफ. क्लिअरन्स आणि एलिमिनेशन (औषध शरीराबाहेर जाण्याचा भाग) दुसऱ्या आठवड्यात, कारण अर्धायुष्याच्या सूत्रात ०.६९३ गुणिले व्हीडी भागिले क्लिअरन्स आहे आणि व्हीडी आधी कळलेला असेल तर डायझेपाम आजोबांच्या अंगात का रेंगाळतं हे त्या एका ओळीत सापडतं. तिसऱ्या आठवड्यात जुने पेपर वेळ लावून सोडव, उत्तरं इंग्लिशमध्ये लिहून, प्रत्येक ओळीत युनिटसकट. सेशनलला इम्प्रूव्हमेंटची संधी तुमच्याकडे कधी असते ते एक्झाम सेक्शनला याच आठवड्यात जाऊन विचारून ये.